विश्लेषण : लिनक्सची लॉगिन स्क्रीन बदलली, म्हणून संगणक फॉरमॅट करायचा का?

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. या अटींत न बसणारे, पण एरवी ठणठणीत चालणारे लॅपटॉप घरांत, क्लासेसमध्ये, छोट्या कार्यालयांत पडून आहेत. त्यांतल्या काहींवर आता लिनक्स येत आहे. उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकले, ब्राउझर उघडला, लिबरऑफिसमध्ये मराठी उमटले, की वापरणारा खूश होतो. पुढे एखाद्या व्हिडीओत पाहिलेला देखणा डेस्कटॉप तो टाकून बघतो, संगणक पुन्हा सुरू करतो आणि समोर भलतीच लॉगिन स्क्रीन उभी राहते. कधी पासवर्ड टाकल्यावर क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा तीच स्क्रीन येते. कधी तर तीही येत नाही.

अशा वेळी ओळखीच्या ‘संगणकवाल्या’कडून मिळणारा सल्ला ठरलेला असतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ यात कुणाचा प्रबंध जातो, कुणाच्या दुकानाची वर्षभराची बिले जातात, कुणाचे लग्नाचे फोटो जातात. मुद्दा असा, की लॉगिन स्क्रीनच्या बहुतेक तक्रारींत तुमच्या फाइल्सना काहीही झालेले नसते. बिघाड असतो तो दारात. दार अडकले म्हणून घर पाडायचे नसते, एवढे साधे व्यवहारज्ञान इथेही लागू पडते. ते वापरता यावे यासाठी ही माहिती.

(लेखातल्या आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या असतात.)

लॉगिन स्क्रीन नेमकी कोण दाखवते?

विंडोजमध्ये लॉगिन स्क्रीन, टास्कबार, स्टार्ट मेन्यू हे सगळे एकाच कंपनीकडून एकत्र येते. त्यामुळे ते वेगवेगळे भाग आहेत हे आपल्याला जाणवत नाही. लिनक्समध्ये ते खरोखरच वेगळे असतात. सर्वांत खाली कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा. त्यावर सिस्टिमडी, जो बाकीच्या सेवा क्रमाने सुरू करतो. या सेवांपैकी एक म्हणजे ‘डिस्प्ले मॅनेजर’. नाव विचारणारी, पासवर्ड मागणारी स्क्रीन दाखवणे हे त्याचे काम. पासवर्ड जुळला की तो तुमचे ‘सेशन’ सुरू करून देतो. मग समोर येते ते ‘डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट’, म्हणजे पॅनेल, मेन्यू, खिडक्या, सेटिंग्ज, फाइल मॅनेजर यांचा संच.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि तुमचा फ्लॅट यांत जो फरक, तोच डिस्प्ले मॅनेजर आणि डेस्कटॉपमध्ये. वॉचमन बदलला म्हणून फ्लॅटमधले कपाट हलत नाही.

प्रचलित वॉचमन तीन. ग्नोम डेस्कटॉपसोबत येणारा जीडीएम, केडीई प्लाझ्मासोबत बराच काळ वापरला गेलेला एसडीडीएम आणि लिनक्स मिंट, एक्सएफसीई, माटे यांच्याकडे दिसणारा लाइटडीएम. तिघांचे रूप वेगळे, बटणांच्या जागा वेगळ्या. यांपैकी कोणीही जवळपास कोणत्याही डेस्कटॉपला आत सोडू शकतो. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्यावी. लॉगिन स्क्रीन तुमच्या खात्याखाली चालत नाही. ती स्वतःच्या वेगळ्या खात्याखाली चालते. म्हणून तुम्ही डेस्कटॉपवर लावलेला वॉलपेपर, वाढवलेला अक्षरांचा आकार किंवा दुसऱ्या मॉनिटरची मांडणी तिथे आपोआप दिसत नाही. हा दोष मानून सेटिंग्ज उलटीपालटी करण्यात अनेकांचा रविवार जातो.

नवा डेस्कटॉप टाकल्यावर वॉचमन का बदलतो?

समजा उबंटूवर तुम्ही केडीई प्लाझ्मा टाकलात. त्याच्यासोबत एसडीडीएम हा जोडीदारही येऊ शकतो. आता यंत्रात दोन डिस्प्ले मॅनेजर झाले, पण गेटवर एका वेळी एकच उभा राहणार. म्हणून डेबियन आणि उबंटूमध्ये स्थापना सुरू असतानाच टर्मिनलमध्ये एक चौकट उघडते आणि विचारते की यापुढे कोण हवा, जीडीएम३ की एसडीडीएम? बाणांच्या कळांनी निवडायचे, टॅब दाबून ‘ओके’वर जायचे आणि एंटर. ही चौकट इंग्रजीत असते, माउसने चालत नाही आणि तिचा अर्थ आधी कुणी सांगितलेला नसतो. बहुतेक जण एंटर दाबून मोकळे होतात. पुढच्या वेळी गेटवर कोण उभा असेल, हे त्या एका एंटरने ठरलेले असते.

हा निर्णय कायमचा नाही. डेबियन-उबंटू घराण्यात ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर जीडीएम३’ ही आज्ञा दिली की तीच चौकट पुन्हा उघडते. फेडोरा किंवा आर्चवर जुन्या सेवेला सिस्टिमसीटीएलने ‘डिसेबल’ आणि हव्या त्या सेवेला ‘एनेबल’ करायचे, मग संगणक पुन्हा सुरू करायचा. एवढ्यावर काम भागते.

कधी कधी तुम्ही काहीच टाकलेले नसते, तरीही बदल होतो. उबंटूने २०१७ च्या ऑक्टोबरमधील १७.१० या आवृत्तीत स्वतःचा युनिटी डेस्कटॉप सोडून ग्नोम घेतला, त्याबरोबर लाइटडीएम जाऊन जीडीएम आला. मोठे अपग्रेड करताना असे होऊ शकते. म्हणून अपग्रेडच्या आधी ‘काय नवीन’ हे टिपण वाचणे हा रिकामपणाचा उद्योग समजू नये.

इतके डेस्कटॉप मुळात आहेत कशाला?

याला इतिहास आहे. मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ मध्ये केडीईची हाक दिली. केडीई ज्या क्यूटी संचावर उभे होते त्याचा परवाना त्या वेळी पूर्णपणे मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केले. २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मेन्यू-पॅनेलची पद्धत मोडली. ती ज्यांना हवी होती त्यांनी माटे उभे केले आणि लिनक्स मिंटने सिनॅमन घडवला. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे हलकेपणासाठी ओळखले जातात. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ग्नोम रखडतो, तिथे एक्सएफसीई बऱ्यापैकी पळतो. निवडीचा हा फायदा खरा आहे आणि आपल्याकडच्या जुन्या यंत्रांसाठी तो मोलाचाही आहे.

माझा जुना डेस्कटॉप गेला कुठे?

बहुतेक वेळा तो जागेवरच असतो. लॉगिन स्क्रीनवर कोणते सेशन सुरू करायचे ते निवडण्याची सोय असते, ती आपल्या नजरेतून सुटते. जीडीएममध्ये आधी आपल्या नावावर क्लिक करावे लागते. त्यानंतर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. एकच सेशन उपलब्ध असेल तर ते चिन्ह दिसतही नाही. एसडीडीएमच्या नेहमीच्या रूपात सेशनची यादी खाली डावीकडे असते. लाइटडीएममध्ये ती नावाच्या शेजारी किंवा वरच्या पट्टीत, लावलेल्या थीमनुसार. यादीतून जुना डेस्कटॉप निवडायचा आणि मग पासवर्ड द्यायचा. ही निवड लक्षात ठेवली जाते, पुढच्या वेळी तोच उघडतो.

‘ऑटोमॅटिक लॉगिन’ सुरू ठेवलेल्यांना ही स्क्रीनच दिसत नाही आणि सेशन बदलायचे कुठे ते कळत नाही. त्यांनी संगणक बंद न करता फक्त ‘लॉग आउट’ करावे. स्क्रीन समोर येईल. ऑटोमॅटिक लॉगिनमुळे आणखी एक गोंधळ होतो. आत आल्यावर ‘कीरिंग’चा पासवर्ड मागणारी चौकट उगवते. ब्राउझर आणि वाय-फायचे पासवर्ड ज्या कुलपात ठेवलेले असतात, ते एरवी तुमच्या लॉगिन पासवर्डने उघडते. तो तुम्ही दिलाच नाही, म्हणून कुलूप वेगळे विचारते. हा व्हायरस नाही. घरच्यांना कंटाळा येतो म्हणून ऑटोमॅटिक लॉगिन ठेवायचे असेल तर ठेवा, पण लॅपटॉप घराबाहेर नेत असाल तर ठेवू नका.

पासवर्ड बरोबर, तरी आत का घेत नाही?

इथे दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि त्यांचा इलाजही वेगळा असतो. पहिली म्हणजे ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदेश येणे. दुसरी म्हणजे कोणताही संदेश न येता पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा लॉगिन स्क्रीन येणे. पहिल्यात वॉचमन तुम्हाला ओळखत नाही. दुसऱ्यात त्याने ओळखले, आत सोडले, पण जिन्यात काहीतरी कोसळले.

पहिल्या प्रकाराचे एक कारण मराठी वापरणाऱ्यांना विशेष भोवते. कीबोर्डच्या मांडण्यांत मराठी इन्स्क्रिप्ट पहिली ठेवलेली असेल, तर लॉगिन स्क्रीनवरही कळा देवनागरी अक्षरे देऊ शकतात. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे आपण इंग्रजीतच लिहितो आहोत असे वाटत राहते. स्क्रीनवर भाषेचे छोटे चिन्ह असते, ते आधी पाहावे आणि इंग्रजी निवडावे. कॅप्स लॉकही पाहावा. कायमचा उपाय म्हणजे सेटिंग्जमधल्या यादीत इंग्रजी मांडणी पहिली आणि मराठी दुसरी ठेवणे.

दुसरा प्रकार, म्हणजे पुन्हा पुन्हा तिथेच परत येणे, याला ‘लॉगिन लूप’ म्हणतात. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबा. बहुतेक यंत्रांवर काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांचे लॉगिन येते. एफ३ ने न आल्यास एफ४ वापरून पाहा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. तिथे नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप होताना ठिपकेही उमटत नाहीत, ते तसेच असते. इथे आत जाता आले तर तुमचे खाते, पासवर्ड आणि फाइल्स जागेवर आहेत, हे तिथल्या तिथे सिद्ध झाले. ‘एलएस’ ही आज्ञा देऊन आपली फोल्डर्स डोळ्यांनी पाहून घ्या. निम्मी धास्ती तिथेच जाते.

आता कारणे, नेहमी आढळणाऱ्या क्रमाने पाहू.

एक, डिस्क भरलेली असणे. डेस्कटॉप सुरू होताना छोट्या छोट्या फाइल्स लिहितो. जागाच नसेल तर तो कोसळतो. ‘डीएफ -एच’ या आज्ञेने प्रत्येक विभाग किती भरला ते दिसते. शंभर टक्के दिसले तर ‘सुडो एपीटी क्लीन’ ने उतरवलेली पॅकेजेस पुसा, मोठे व्हिडीओ पेन ड्राइव्हवर हलवा, ट्रॅश रिकामा करा.

दोन, फाइलची मालकी बदललेली असणे. इंटरनेटवर वाचून कुणी चित्रमय प्रोग्राम ‘सुडो’ लावून चालवला, की होम फोल्डरमधल्या काही फाइल्स रूटच्या नावावर जातात. मग तुमच्याच घरातले कपाट तुम्हाला उघडता येत नाही. ‘एलएस -एलए’ या आज्ञेत मालकाचे नाव दिसते. एक्सऑथॉरिटी नावाची, टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल रूटच्या नावावर दिसली तर ‘एमव्ही’ आज्ञेने तिचे नाव बदलून ठेवा. गरज असेल तर पुढच्या लॉगिनला ती नव्याने तयार होते.

तीन, सेटिंग्जची फाइल बिघडणे. याची खातरजमा करण्याची सोपी युक्ती म्हणजे ‘सुडो ॲडयूजर’ ने एक नवे खाते तयार करून त्यातून लॉगिन करणे. नव्या खात्यातून डेस्कटॉप उघडला, तर यंत्रणा ठीक आहे आणि दोष तुमच्या खात्यातल्या सेटिंग्जमध्ये आहे. त्या बहुतांशी होम फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. ते पुसू नका, नाव बदला. जुन्यातून हवे ते नंतर परत आणता येते. नव्या खात्यातूनही उघडला नाही, तर मोर्चा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे किंवा अर्धवट राहिलेल्या स्थापनेकडे वळवायचा.

काळा पडदा आला आणि लॉगिन स्क्रीनच नाही, तर?

याचे मोठे कारण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, विशेषतः एनव्हीडिया. कर्नल अद्ययावत झाला आणि ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, असे घडते. यावर पहिला उपाय मागच्या कर्नलने सुरू करण्याचा. संगणक सुरू होताना एस्केप कळ, जुन्या बायोसच्या यंत्रांवर शिफ्ट कळ, धरली की ग्रब नावाचा मेन्यू येतो. त्यातल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचे कर्नल असतात. त्याने काम झाले तर रोग कळला.

दुसरा उपाय त्याच मेन्यूत ‘ई’ दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहिण्याचा आणि एफ१० दाबण्याचा. यामुळे साध्या, कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर संगणक सुरू होऊ शकतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे करून पाहण्यात धोका नाही. आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर टाकायचा.

कधी डिस्प्ले मॅनेजरची सेवाच सुरू झालेली नसते. अक्षरांच्या पडद्यावरून ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ विचारले की ती चालू आहे की पडली, हे कळते. ‘जर्नलसीटीएल -बी’ मध्ये या वेळच्या सुरुवातीपासूनची सगळी नोंदवही असते. त्यातल्या लाल ओळींचा फोटो काढून जाणकाराला पाठवा. ‘संगणक चालत नाही’ या वाक्यापेक्षा त्या दोन ओळींतून उत्तर कितीतरी लवकर मिळते.

वेलँड हा शब्द अचानक सगळीकडे का दिसतो आहे?

लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या काढण्याचे काम दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टिमने केले. तिचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीत झाला आणि एक्स ११ ही आवृत्ती १९८७ ची. त्या व्यवस्थेत एक प्रोग्राम दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो, पडदा पाहू शकतो. आजच्या काळात हे धोक्याचे आहे. क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेला वेलँड हा तिचा वारसदार. त्यात प्रत्येक प्रोग्राम आपल्यापुरते पाहतो आणि पडदा शेअर करायचा तर आधी परवानगी मागावी लागते.

आता स्थलांतराचा शेवटचा टप्पा सुरू आहे. केडीई प्लाझ्मा ६ ने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेलँड मूलभूत केले. ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्स ११ सेशन राहिलेले नाही. म्हणजे काल लॉगिन स्क्रीनच्या यादीत दिसणारा ‘झॉर्ग’चा पर्याय अपग्रेडनंतर गायब होतो. जुने प्रोग्राम एक्सवेलँड या पुलावरून बहुधा चालतात. मात्र दूरवरून संगणक चालवणारी काही साधने, आपोआप कळा दाबणारी साधने, पडदा टिपणारे जुने प्रोग्राम अडखळतात. अशा साधनांवर ज्यांचे रोजचे काम अवलंबून आहे, त्यांनी तूर्त दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर किंवा सिनॅमन, एक्सएफसीई यांच्या एक्स ११ सेशनवर राहणे शहाणपणाचे.

मराठी टायपिंगलाही याचा फटका बसतो. आयबससारखी साधने ग्नोममध्ये आतूनच जोडलेली असतात. प्लाझ्माच्या वेलँड सेशनमध्ये मात्र सेटिंग्जमधील ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या विभागात जाऊन आयबस निवडावे लागते. डेस्कटॉप बदलला आणि मराठी उमटेनासे झाले, तर फॉन्टला दोष देण्याआधी हे तपासा.

नको असलेला डेस्कटॉप काढताना काय सांभाळावे?

खरे अपघात इथे होतात. डेस्कटॉप हा शेकडो पॅकेजेसचा संच असतो आणि त्यांतली काही दोन डेस्कटॉप मिळून वापरत असतात. काढण्याची आज्ञा दिल्यावर काय काय जाणार याची यादी समोर येते आणि ‘वाय’ दाबण्यासाठी यंत्रणा थांबते. ही यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये. तुम्ही वापरत असलेल्या डेस्कटॉपचे, नेटवर्क मॅनेजरचे किंवा डिस्प्ले मॅनेजरचे नाव त्यात दिसले तर तिथेच थांबा. ‘एपीटी’च्या नोंदवहीत, हिस्ट्री नावाच्या फाइलमध्ये, कोणत्या तारखेला कोणती पॅकेजेस आली ते लिहिलेले असते. काढाकाढी त्या यादीवरून करावी, आठवणीवरून नको.

खरे तर काढायची घाईच कशाला? जादा डेस्कटॉप काही जीबी जागा घेतो, पण तुम्ही दुसऱ्या सेशनमध्ये असताना तो सहसा चालत नसतो. मेन्यूत दोन टर्मिनल, दोन फाइल मॅनेजर दिसतात, एवढाच त्रास. पंधरा दिवस दोन्ही ठेवा. नवीन आवडलेच नाही, तर शांतपणे काढा. आणि या सगळ्याच्या आधी टाइमशिफ्टने यंत्रणेचा स्नॅपशॉट घ्या. लिनक्स मिंटमध्ये ते साधन आधीच असते. ते मूलभूत सेटिंगमध्ये तुमची कागदपत्रे साठवत नाही, यंत्रणा साठवते. म्हणून कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

मग फॉरमॅट कधीच करायचे नाही का?

करावे लागते. डिस्कच निकामी होऊ लागली, किंवा यंत्रणेतले इतके काही पुसले गेले की दुरुस्तीला दोन दिवस लागतील, तर नव्याने टाकणे परवडते. पण त्याआधी एक पायरी सक्तीची मानली पाहिजे. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकले, त्यावरूनच ‘लाइव्ह’ पद्धतीने संगणक सुरू होतो. डिस्क उघडून आपले होम फोल्डर दुसरीकडे उतरवून घेता येते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिचा सांकेतिक शब्द लागेल. दुरुस्तीला दिलेल्या यंत्रावर ही पायरी न करता फॉरमॅट होत असेल, तर ग्राहकाने आक्षेप घ्यायला हवा. ‘आधी डेटा उतरवून द्या, मग हात लावा’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या.

निवड कमी केली तर प्रश्न सुटेल?

लिनक्सवर होणारी जुनी टीका अशी, की पर्याय खूप म्हणून सामान्य माणूस गोंधळतो, सगळ्यांना एकच डेस्कटॉप द्या. या टीकेत तथ्य आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस यंत्रांवर तीन प्रकारच्या लॉगिन स्क्रीन असतील, तर शिक्षकांचा पहिला तास तिथेच संपतो. संस्थेने एकच डेस्कटॉप ठरवावा, हे योग्यच. केरळने शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली घडवून शिक्षकांना तिचेच प्रशिक्षण दिले, त्यामागचे शहाणपण हेच.

पण घरच्या वापरणाऱ्याची निवड काढून घेणे हे उत्तर नाही. विंडोज १० च्या निमित्ताने लिनक्सकडे आलेला माणूस मुळात यासाठीच आला आहे, की चालू यंत्राचे काय करायचे हे दुसऱ्या कुणी ठरवले होते. त्याला इथेही ‘हेच वापरा’ सांगायचे, तर येण्याला अर्थ काय? अडचण पर्यायांच्या संख्येत नसून परतीची वाट दिसत नाही, यात आहे. सेशन निवडायचे चिन्ह कोपऱ्यात, शब्दाविना. डिस्प्ले मॅनेजर विचारणारी चौकट इंग्रजीत, परिणाम न सांगता. लॉगिन लूपमध्ये ‘डिस्क भरली आहे’ एवढी एक ओळही समोर न येणे. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ज्यांना कळा पाठ आहेत त्यांनी, ज्यांना पाठ आहेत त्यांच्यासाठीच ते बनवले, म्हणून ते तसे राहिले.

लिनक्स बनवणाऱ्यांची बाजूही मांडायला हवी. यातले बरेच काम स्वयंसेवक करतात आणि त्यांच्याकडून कंपनीसारख्या सेवेची अपेक्षा धरणे न्याय्य नाही. मात्र चौकटीतल्या त्या चार ओळींचा मराठी अनुवाद करायला कर्नल समजावा लागत नाही. तो आपल्याकडची अभियांत्रिकीची मुले करू शकतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत आणून हे शक्य असल्याचे दाखवले आहे.

आता काय करायला हवे?

जुन्या संगणकांवर लिनक्स टाकून ते शाळा, वाचनालये, विद्यार्थी यांना देणारी मंडळी चांगले काम करत आहेत. त्यांनी यंत्रासोबत एक छापील कागदही द्यावा. त्यावर पाच गोष्टी असाव्यात. या यंत्रावर कोणता डेस्कटॉप आणि कोणता डिस्प्ले मॅनेजर आहे. सेशन बदलायचे चिन्ह कुठे आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काय होते. डिस्क किती भरली ते कसे पाहायचे. आणि डेटा उतरवल्याशिवाय फॉरमॅट करू नये. इतका मजकूर एका पानात बसतो आणि लॅपटॉपच्या पाठीला चिकटवता येतो.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही थोडा बदल हवा. अभियांत्रिकीच्या मुलांना लिनक्सच्या आज्ञा परीक्षेपुरत्या पाठ करायला लावतात. बिघडलेले यंत्र समोर ठेवून ‘हे सुरू करून दाखव’ असे सहसा कुणी सांगत नाही. एका यंत्राची डिस्क मुद्दाम भरून ठेवावी, दुसऱ्यावर एका फाइलची मालकी बदलावी, तिसऱ्यावर कीबोर्ड मराठी करून ठेवावा आणि तासाभरात निदान करायला सांगावे. त्या एका तासात सिस्टिम, सेवा, परवानग्या आणि खाती हे चार धडे होतात. गावाकडे परतल्यावर त्याच मुलाला शेजारचे ‘जरा बघ ना, लॅपटॉप उघडत नाही’ म्हणून बोलावणार आहेत.

आणि वापरणाऱ्याने? डेस्कटॉप बदलून पाहण्याची हौस खुशाल करावी. त्याआधी कागदपत्रांची प्रत घ्यावी, स्नॅपशॉट घ्यावा, समोर आलेली चौकट वाचावी. स्क्रीन ओळखीची वाटली नाही, तर आधी सेशनचे चिन्ह शोधावे, मग कीबोर्डची भाषा पाहावी, मग एफ३ वर जाऊन डिस्क तपासावी. या तीन तपासण्यांना दहा मिनिटे लागतात. फॉरमॅटचा विचार करायचाच, तर तो त्यानंतर.